प्रेम, धाक आणि वॉचमनची वही : दादरच्या एका लेखन-कार्यशाळेविषयी

दोन पुरुषांची प्रेमकथा आणि तीही रहस्यप्रधान कशी लिहावी, एवढ्याच विषयावर मराठीतून घेतलेली कार्यशाळा दादर पश्चिमेला, प्लाझा चित्रपटगृहाच्या मागच्या बाजूला एका छोट्या सभागृहात नुकतीच झाली. तीन हजार रुपये शुल्क ऐकून अनेकांनी नाके मुरडली होती. माझ्या मते पहिल्या दिवशीच ते वसूल झाले. दुसऱ्या दिवसाविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही. मार्गदर्शक कादंबरीकार टोपणनावाने लिहितात आणि आपली ओळख उघड होऊ नये अशी त्यांची अट होती, म्हणून येथे त्यांचे नाव देत नाही.

त्यांच्या पद्धतीत प्रेमिकांची पहिली भेट किंवा खुनाचा प्रसंग यांपैकी काहीच आधी लिहिले जात नाही. आधी भिंतीवर मोठा आखीव कागद लागतो. आडव्या ओळींत पात्रे, उभ्या रकान्यांत प्रकरणे, आणि प्रत्येक चौकटीत त्या प्रकरणाच्या शेवटी त्या पात्राला काय ठाऊक आहे तेवढेच. सर्वांत खालची ओळ वाचकाची. वाचकाच्या आणि नायकाच्या माहितीत जिथे अंतर पडते तिथे उत्कंठा वाढते, आणि दोन प्रेमिकांच्या ओळींत जिथे अंतर पडते तिथे नात्याला पीळ बसतो. एकच लपवलेली गोष्ट ही दोन्ही कामे करू शकली तरच ते कथानक पुढे नेतात, नाहीतर कागद खाली उतरवतात.

त्यांनी स्वतःच्या सध्याच्या लेखनातले उदाहरण दिले. परळच्या चाळीत राहणारा एक बँक कर्मचारी शाखेच्या ऑडिटसाठी नाशिकला जातो असे घरी सांगून गोरेगावच्या एका सोसायटीत मित्राकडे रात्र काढतो. त्याच रात्री वरच्या मजल्यावरील फ्लॅटच्या मालकाचा खून होतो. गेटवरच्या वहीत रात्री ११.४० ची नोंद आहे आणि तिच्यात त्याने स्वतःच्या हाताने खोटे आडनाव लिहिले आहे. निर्दोष असल्याचा एकमेव पुरावा म्हणजे ज्या माणसाविषयी तो घरी अवाक्षर काढू शकत नाही, तोच माणूस. इथपर्यंत ही चांगली रहस्यकथा आहे. पण ते आडनाव मित्राला दिसते, आणि मग पेन न अडखळता असे खोटे लिहिणारा माणूस माझ्याशीही तितक्याच सहज खोटे बोलत असेल का, ही शंका त्याच्या मनात शिरते. पोलिसांचा संशय आणि प्रियकराचा संशय वहीतल्या एकाच ओळीतून सुरू होतात. हे ऐकताना सभागृहात भराभर टिपणे घेतली जात होती.

मुंबईचा उपयोग ते समुद्रकिनाऱ्याच्या वर्णनासाठी करत नाहीत. या शहरात दोघांना दार लावून बसायला जागा नसते. चाळीच्या गॅलरीत कोणाकडे कोण आले आणि किती वाजता गेले याची नोंद शेजारी तोंडपाठ ठेवतात. जागेची ही टंचाई हाच पहिला खलनायक, असे त्यांचे म्हणणे आहे आणि मला ते पटते.

सर्वांत मोलाचा भाग कायद्याचा होता. अशा कथेत ब्लॅकमेलचा धागा हमखास येतो, आणि तो कोणत्या वर्षात घडतो यावर त्याचा जोर ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या बाहेर काढले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा मोकळीक दिली. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. म्हणजे २०१४ मध्ये धमकीचे जे पत्र नायकाला तुरुंग दाखवू शकते, तेच २०१९ मध्ये फार तर त्याचे घर आणि नोकरी हिरावू शकते. जुन्या दंड संहितेच्या कलम ३८८ मध्ये ३७७ च्या आरोपाची धमकी देऊन खंडणी उकळणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षेची खास तरतूद होती, हे अनेकांना नवे होते. संरक्षण कागदावर होते, पण तक्रार नोंदवायची तर पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःविषयी बोलावे लागे. कादंबरीकाराला याहून नेमका पेच कुठे मिळणार?

निकाल अनुकूल असला म्हणजे भीती संपते असे नाही, हे सांगताना त्यांनी अलीगढच्या प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांची आठवण काढली. दिल्लीच्या निकालानंतर, फेब्रुवारी २०१० मध्ये या मराठीच्या प्राध्यापकांचे, ते एका पुरुषासोबत असताना, घरात घुसून चित्रीकरण झाले, विद्यापीठाने त्यांना निलंबित केले आणि एप्रिलमध्ये ते मृतावस्थेत आढळले. हा प्रसंग कच्चा माल म्हणून वापरू नका, एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. हा संयम मला आवडला.

दुसरा दिवस मात्र घसरला. खुनी म्हणून लपून राहणारा समलिंगी माणूसच दाखवायची सवय सोडा, आणि प्रेमिकांपैकी एकाला शेवटी मारून टाकण्याचा सोपा मार्गही टाळा, हे दोन्ही सल्ले रास्त होते. पण खुनाचा उलगडा उपान्त्य प्रकरणात करून शेवटचे प्रकरण फक्त दोघांच्या निर्णयासाठी राखावे, हा त्यांचा क्रम त्यांनी जवळजवळ नियम म्हणून मांडला. उलगडा आणि निर्णय एकाच प्रसंगात आले तर काय बिघडते, या एका सहभागीच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. वर सांगितलेल्या कथानकात तर ते एकत्र येणेच अधिक स्वाभाविक वाटते, कारण नायकाने मित्राचे नाव घेतल्याखेरीज त्याची सुटका नाही. शारीरिक जवळिकीच्या लेखनावर उरलेली वीस मिनिटे पुरेशी नव्हती, आणि वर्गात काहींनी उगाच हसून तीही वाया घालवली.

आयोजकांविषयीची तक्रार वेगळी आहे. मराठी कार्यशाळेची टिपणे इंग्रजीत छापलेली होती आणि त्यांतले सगळे उतारे परदेशी होते. प्रत्येकाच्या दहा पानांवर लेखी अभिप्राय मिळेल असे जाहिरातीत म्हटले होते. माझ्या पानांवर तीन ओळी आल्या, त्याही कादंबरीकाराच्या हस्ताक्षरात नव्हत्या.

पुढची तुकडी पावसाळ्यानंतर आहे. ज्यांच्याकडे अर्धवट लिहिलेले कथानक आहे त्यांनी जरूर जावे, कारण तो आखीव कागद नेमका अशांच्या कामाचा आहे. नुसत्या कल्पनेच्या भरवशावर जाणाऱ्यांच्या हाती फारसे लागणार नाही. मात्र पैसे भरण्याआधी आपली पाने नक्की कोण वाचणार हे आयोजकांकडून लेखी मागून घ्यावे.