‘दीदी, मछली मर जाएगी’

रात्री पावणेअकराला मुंबई विमानतळाच्या डोमेस्टिक कार्गोच्या खिडकीवर मी मोबाइल पुढे केला. आतल्या माणसाने स्क्रीनवरचा एअर वे बिलाचा, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीचा, फोटो पाहिला. कॉम्प्युटरकडे वळलाही नाही. "मॅडम, असा नंबर असूच शकत नाही," म्हणाला. माझ्यामागे नवरा दोन झाकणाच्या बादल्या आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन उभा होता. बाहेर दिराची गाडी होती. चाळीस डिस्कस मासे न्यायला आलो होतो आम्ही.

तोपर्यंत माझे ४०,७०० रुपये गेले होते.

मी कळव्याला खारेगावात राहते. दिवसा ठाण्यात एका ऑफिसात हिशेबाचं काम करते आणि संध्याकाळी सात ते नऊ, शिवाय रविवारभर, घरातून मासे विकते. सुरुवात गप्पींपासून झाली. मुलासाठी आणलेल्या तीन जोड्यांची इतकी पिल्लं झाली की शेजारीपाजारी वाटूनही संपेनात. आता हॉलमधल्या लोखंडी रॅकवर आणि गॅलरीत मिळून अकरा टँक आहेत. गप्पी, मॉली, प्लॅटी, फायटर, थोडे एंजल आणि टेट्रा. माल आणायला रविवारी सकाळी स्लो लोकल पकडायची, कुर्ल्याला उतरायचं, पिशव्या भरून दहाच्या आत घरी. सगळा खर्च जाऊन महिन्याला सहा-सात हजार सुटतात. त्यातून मुलाच्या क्लासची फी जाते. त्यामुळे चाळीस हजार म्हणजे माझ्या धंद्याची सहा महिन्यांची कमाई.

डिस्कसची मागणी बऱ्याच दिवसांपासून होती. थाळीसारखा गोल, चपटा मासा, रंग असे की बघत राहावं. पण नाजूक. पाणी २८ ते ३० अंश लागतं, मऊ लागतं, आणि पाणी बदलण्यात आळस केला की लगेच काळवंडतो. मी महिनाभर खपून चार फुटांचा टँक तयार केला होता. कुर्ल्यात मला हव्या त्या साइझचा पीस हजाराच्या आसपास पडत होता. तेवढ्यात होलसेलवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये हा माणूस भेटला. चेन्नईच्या कोळत्तूरचा ब्रीडर म्हणून त्याने ओळख करून दिली. मासे पाळणाऱ्यांना कोळत्तूर सांगावं लागत नाही. शोभेच्या माशांचा मोठा बाजार आहे तो, घराघरांत टाक्या बांधून मासे वाढवतात तिथे. त्यामुळे मला शंका घ्यायचं कारण दिसलं नाही.

आणि त्याने घाईही केली नाही. पहिल्यांदा मी दोनशे निऑन टेट्रा मागवले, १४ रुपयांनी, म्हणजे २,८०० चा माल. तिसऱ्या दिवशी बाइकवरून एक मुलगा थर्माकोलचा बॉक्स घेऊन दारात आला. विमानतळावरून आणलाय म्हणाला. पिशव्या उघडल्या तर दोनशेपैकी एकही मासा मेलेला नाही. दोन आठवड्यांनी साठ एंजल मागवले, २,१०० रुपयांचे. तेही तसेच, ठणठणीत. मी नवऱ्याला कौतुकाने म्हटलं होतं, "पॅकिंग बघ कसं आहे, कुर्ल्यातून आणतानासुद्धा चार-पाच मरतात."

हे वाक्य मला आज फार टोचतं, कारण सगळं त्यातच होतं. प्रवास करून आलेली पिशवी कशी असते ते मला माहीत आहे. पाणी गढूळ, पिवळट होतं, गाठ सोडली की अमोनियाचा वास येतो, मासे फिके पडलेले असतात, तळाशी एक-दोन तरी मेलेले असतात. निऑनसारखा मासा चेन्नईहून येऊन दोनशेच्या दोनशे जिवंत? त्या पिशव्यांतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं. ते मासे मुंबईतल्याच बाजारातून सकाळी विकत घेऊन दुपारी माझ्याकडे पोचवले असणार, असं माझं आता ठाम मत आहे. तोटा सोसून दोनदा माल दिला आणि माझा विश्वास विकत घेतला. ज्यांना पहिली ऑर्डर फारच चांगली मिळाली असेल, त्यांनी पिशवीचा वास आठवून बघावा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने डिस्कसचा व्हिडिओ पाठवला. अडीच इंची, मिश्र रंग, ६५० रुपये पीस, कमीत कमी चाळीस. २६,००० झाले. सोमवारी निम्मे दिले, गुरुवारी दुपारी बॉक्स बुक झाल्याचा आणि एअर वे बिलाचा फोटो आल्यावर उरलेले १३,०००. दोन्ही वेळा यूपीआयवर वेगवेगळी नावं दिसली. विचारलं तर म्हणाला, एक भावाचं खातं, एक फार्मच्या मॅनेजरचं. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं ते बँकेत नोंदवलेलं नाव असतं. आपण टाइप केलेलं किंवा समोरच्याने सांगितलेलं नव्हे. हिशेब लिहिणारी बाई मी, ऑफिसात एका बिलावर दोन नावं दिसली तर परत पाठवते. घरी मात्र पिन टाकून मोकळी झाले.

संध्याकाळी साडेसातला फोन आला. कार्गोमधून बोलतोय म्हणाला. बॉक्स आलाय, पण जिवंत माल आहे, हेल्थ सर्टिफिकेट जोडलेलं नाही, क्वारंटाइनला टाकावा लागेल, नाहीतर ८,५०० रुपये डिपॉझिट भरा, उद्या परत मिळेल. मी ब्रीडरला फोन लावला. तो रडकुंडीला आलेला. "दीदी, सर्टिफिकेट लगाया था, उन लोगों ने फाड़ दिया होगा. आप पैसा भर दो, मैं आधा दूंगा. पैकिंग सुबह चार बजे की है. मछली मर जाएगी."

इथे मी जरा थांबते, कारण मला जे सांगायचंय ते हेच आहे.

माशाच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरतात. पॅकिंगच्या आधी मासे दिवस-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीत घाण कमी होते. चांगलं पॅकिंग असेल तर चोवीस तास सहज निघतात, कधी अठ्ठेचाळीस. पण डिस्कसला गारठा सोसत नाही. पाणी थंड झालं की अंग काळं पडतं, मासा आडवा होतो. हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत होतं. पहाटे चारचं पॅकिंग, एसीतलं गोदाम, रात्रीचे आठ. तो एकेक गोष्ट सांगत होता आणि माझ्या डोक्यात पिशवीतलं पाणी गार होत होतं. मग त्या कार्गोवाल्याने एक व्हिडिओ पाठवला. पिशवीत एक डिस्कस आडवा पडलेला, कल्ले जोरजोरात हलताहेत. नऊ सेकंदांचा. मी ८,५०० भरले. सव्वातासाने 'हीटर रूम'चे म्हणून ६,२०० मागितले, तेही भरले. हातपाय थरथरत होते माझे. पैशांची भीती तेव्हा मनात आलीच नाही, चाळीस जीव माझ्यामुळे गुदमरताहेत एवढंच दिसत होतं.

साडेनऊला ११,००० मागितले, तेव्हा नवरा घरी आला होता. त्याने एकच विचारलं, "बॉक्स मुंबईत आहे ना? मग आपण जाऊन घेऊन येऊ." फोनवरच्या माणसाला हे सांगितलं तर म्हणाला, रात्री आत सोडत नाहीत. आम्ही निघालो.

त्या खिडकीवरच्या भल्या माणसाने मला पाच मिनिटांत जे समजावलं ते मालाची ने-आण करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. एअर वे बिलाचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. पुढचे सात म्हणजे त्या बिलाचा अनुक्रमांक. त्या सात आकडी संख्येला ७ ने भागायचं, जी बाकी उरेल तो अकरावा, शेवटचा आकडा. ७ ने भागल्यावर बाकी ० ते ६ यांपैकीच काहीतरी उरणार. माझ्या बिलाच्या शेवटी ८ होता. पाचवीतल्या मुलालाही पकडता आला असता तो नंबर. आणि नंबर बरोबर दिसला तरी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बॉक्स कुठे आहे ते बघता येतं. रेल्वेने माल येत असेल तर रेल्वेच्या पार्सलच्या संकेतस्थळावर पावतीचा पीआरआर नंबर टाकून बघता येतं. क्वारंटाइनचं विचारलं तर तो म्हणाला, ते परदेशातून आलेल्या माशांसाठी. आणि कार्गोचे पैसे कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नाहीत, खिडकीवर भरायचे आणि पावती घ्यायची.

पार्किंगमध्येच गाडीत बसून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यांनी सर्वांत आधी यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, आणि माझ्या बँकेचं नाव विचारलं. चारही व्यवहारांचे क्रमांक शोधताना माझी दहा मिनिटं गेली. ही दहा मिनिटं तुम्ही घालवू नका, फोन लावतानाच ते समोर उघडून ठेवा. शेवटचे ६,२०० समोरच्या खात्यात अडवून ठेवता आले. आधीचे तीन व्यवहार पुढच्या खात्यांत फिरून एटीएममधून निघालेले होते. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली, चॅट, फोटो, कॉलची यादी, सगळ्याचे प्रिंट लावून. अडवलेली रक्कम सुटायला मला न्यायालयाचा आदेश लागला, त्यालाही काही महिने गेले. पण रात्री अकराला फोन केला नसता तर तेही हाती लागलं नसतं. लाज वाटून सकाळपर्यंत थांबणारे खूप असतात असं पोलीस ठाण्यातल्या मॅडम म्हणाल्या.

मागाहून मी डिस्कसचा पहिला व्हिडिओ पुन्हा पाहिला. तेव्हा लोकलमध्ये आवाज बंद करून पाहिला होता. आवाज लावला तर मागे दोन माणसं बोलत होती, आणि ती भाषा तमिळ तर नाहीच, आपल्या देशातलीही वाटेना. माझ्या ऑफिसातल्या तमिळ मैत्रिणीला ऐकवलं, तिनेही नकारार्थी मान हलवली. जीएसटीचं जे सर्टिफिकेट त्याने दिलं होतं त्याचे पहिले दोन आकडे ०७ होते. ०७ म्हणजे दिल्ली. तमिळनाडूचे ३३ असतात, आपले २७. रोज जीएसटी नंबर बघणाऱ्या मला हे दिसायला हवं होतं. नाही दिसलं, कारण मी सर्टिफिकेट आलंय एवढंच पाहिलं.

आता नवीन माणसाकडून घेताना मी एक करते. कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहून तो कागद टँकच्या काचेला धरून व्हिडिओ पाठवा म्हणते, किंवा सरळ व्हिडिओ कॉल. खऱ्या ब्रीडरला यात काही वाटत नाही. उलट एकाने हसत हसत सगळं फार्म फिरवून दाखवलं. जे टाळतात त्यांना मी दुसऱ्यांदा विचारत नाही.

सगळ्यांत अवघड गेलं ते गिऱ्हाइकांना सांगणं. तिघांकडून मी डिस्कससाठी मिळून ९,००० ॲडव्हान्स घेतला होता. त्यातले एक मुलुंडचे निवृत्त काका. पत्नी गेल्यापासून एकटेच राहतात. त्यांनी नवा हीटर, नवा फिल्टर घेऊन टँक भरून ठेवला होता आणि रोज सकाळी पाण्याचं तापमान मला मेसेजने कळवायचे, "आज २९." मी पैसे परत द्यायला गेले तर घेईनात. म्हणाले, "राहू दे गं, तुझंच एवढं गेलंय." मी ते टीव्हीच्या टेबलावर ठेवून आले. जानेवारीत कुर्ल्यातून हजाराने सहा डिस्कस आणले आणि त्यांच्या टँकमध्ये स्वतः सोडून आले. सगळे जगले आहेत.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपमध्ये तोच व्हिडिओ आला. तेच टँक, मागे तीच दोन माणसं बोलताहेत. नाव नवीन, नंबर नवीन, गाव या वेळी कोलकाता, भाव ६०० रुपये. खाली सात जणांनी 'इंटरेस्टेड' लिहिलेलं. मी लिहिलं, "आवाज चालू करून ऐका, आणि बिल आलं तर शेवटचा आकडा बघा." दोन मिनिटांत माझा मेसेज उडवला आणि मला ग्रुपमधून काढलं. ते सात जण कोण आहेत मला माहीत नाही. बहुतेक माझ्यासारखेच, घरात आठ-दहा टँक लावून बसलेले. त्यांच्यापर्यंत हे पोचलं तर बरं होईल.