कॉबलर घ्यावा की बोस्टन? शेकर घेण्याआधी थोडं

घरी कॉकटेल करायला लागलं की कधी ना कधी हा प्रश्न येतोच. कॉबलर म्हणजे डबा, गाळणीवालं झाकण आणि वर टोपण असा तीन भागांचा शेकर, आणि बोस्टन म्हणजे एकमेकांवर बसणारे दोन टिन, म्हणजे धातूचे मोठे पेले. मी आधी कॉबलर घेतला, दीडेक वर्ष वापरला, आता बोस्टन वापरतोय.

कॉबलर वाईट अजिबात नाही. दिसायला देखणा, झाकणातच गाळणी, त्यामुळे वेगळा स्ट्रेनर घ्यायला नको. आणि तो फक्त नवशिक्यांचा असंही नाही, जपानमधले कितीतरी मुरलेले बारटेंडर तोच वापरतात. एकट्यापुरती मार्गारिटा करायची तर मस्त आहे.

पण त्याचं झाकण! बर्फ घालून १०-१५ सेकंद शेक केलं की आतली हवा गार होते, आतला दाब कमी होतो, धातूही आक्रसतो आणि झाकण असं काही चिकटतं की विचारू नका. एका शनिवारी घरी पाच-सहा जण आलेले, काजू फेणी, कोकम आणि लिंबू अशी सावर (आंबटगोड कॉकटेल) करत होतो, पहिला राउंड छान झाला आणि दुसऱ्याला झाकण निघेचना. फडक्याने धरून पिळलं, गरम पाण्याखाली धरलं, शेवटी निघालं तोवर आत बर्फ विरघळून सगळं पांचट. डायल्यूशन म्हणजे बर्फाचं पाणी मिसळणं, ते थोडं हवंच असतं, त्याने फेणीचा उग्रपणा बसतो, पण किती ते आपल्या हातात राहायला हवं ना. त्या दिवशी फेणी ओतून द्यावी लागली याचं मला अजून वाईट वाटतं.

बोस्टनही घट्ट बसतो, पण टिन जरा तिरका बसवायचा आणि दोन टिनमध्ये जिथे फट सुरू होते तिथे तळहाताने एक चापट मारायची, सुटतो. हॉथॉर्न स्ट्रेनर (तो स्प्रिंगवाला) वेगळा घ्यावा लागतो हे खरं. डबल स्ट्रेनला, म्हणजे बर्फाचे कण आणि लिंबाचा गर परत गाळायला, चहाची बारीक गाळणी चालते, मी तीच वापरतो. ड्राय शेक, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा फेस यायला आधी बर्फाशिवाय हलवणं, तेव्हा मात्र दोन्ही हातांनी धरा, कारण गारवा नसल्याने टिन नीट पकडत नाहीत आणि उडतं. एक टिन आणि एक काचेचा ग्लास असलेला बोस्टन शक्यतो नको, दोन्ही टिनचे घ्या, २८ आणि १८ औंसची जोडी मिळते.

आणि तुम्ही मुख्यतः नेग्रोनी किंवा ओल्ड फॅशन्डवाले असाल तर थांबा, ती ड्रिंक्स शेक नाही, स्टर करायची, म्हणजे बर्फात ढवळायची असतात, त्यांना मिक्सिंग ग्लास आणि लांब चमचा पुरतो.

हात लहान असेल तर मोठा टिन एका हातात मावत नाही असं माझ्या बहिणीचं म्हणणं आहे, ती अजून माझा जुना कॉबलरच वापरते. त्यामुळे दुकानात एकदा हातात धरून बघा, पण पाहुणे येणार असतील तर मी तरी बोस्टनच काढेन.