जांभळे पॅशन फ्रूट आणि महाग्रॅनडिला

कृष्णकमळाच्या कुळातील या दोन्ही वेली मूळच्या अमेरिका खंडातील असल्या, तरी त्यांच्या फळांचे उपयोग फार वेगळे आहेत. जांभळे फळ जेमतेम लिंबाहून थोडे मोठे असते; त्याची साल टाकून द्यावी लागते आणि खायचा तो फक्त बियांभोवतीचा आंबटगोड, अतिशय सुगंधी रस. साल सुरकुतली की फळ अधिक गोड लागते, त्यामुळे तिला पाहून ते फेकणे चूकच. महाग्रॅनडिलाचे फळ वीतभर किंवा त्याहून लांब भरते, सालीखाली जाड, सौम्य चवीचा गर असतो आणि कच्चे फळ भाजी म्हणून शिजवतात. सरबतासाठी मी निःसंशय जांभळ्याचीच निवड करेन.

औषधाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. दोन्ही वेलींची पाने लोकवैद्यकात मन शांत करण्यासाठी वापरली जात असली, तरी त्यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असू शकतात, आणि महाग्रॅनडिलाचे मूळ तर विषारी मानले जाते. झोपेसाठीच्या वनौषधींत सामान्यतः वापरली जाते ती पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा ही तिसरीच जात. तिच्या जागी घरच्या वेलीच्या पानांचा काढा घेऊ नये.