डीव्हीडी किती दिवसांसाठी द्यावी? महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी मुदतींची तुलना

नियमावलीत ‘सीडी/डीव्हीडी – ३ दिवस’ एवढी एकच ओळ घालून मोकळं होता येतं, पण घोळ तिथेच सुरू होतो. दोन तासांचा चित्रपट एका बैठकीत पाहून होतो. जर्मनच्या पाठांची सीडी महिनाभर रोज ऐकावी लागते. मुदत ठरवायची ती साहित्याच्या वापरावरून आणि हाताशी असलेल्या प्रतींवरून.

आधी हिशेब मांडा. सत्र १५ आठवड्यांचं, म्हणजे १०५ दिवस, आणि प्रत एकच. परत आलेली डिस्क तपासून कपाटात जायला एक दिवस धरला तर ७ दिवसांच्या मुदतीत जास्तीत जास्त १३ जणांना ती मिळते. प्रत्येकाने एकदा नूतनीकरण केलं तर फक्त ७ जणांना. ३ दिवसांच्या मुदतीत २६ जण होतात. तीच डीव्हीडी ग्रंथालयातच ३ तासांसाठी दिली, तर १० तास उघड्या ग्रंथालयात रोज तिघे पाहतात आणि ६० जणांचा वर्ग कामाच्या २० दिवसांत संपतो.

म्हणून अभ्यासक्रमात नेमलेल्या, एकच प्रत असलेल्या चित्रपटासाठी ग्रंथालयातली मुदत सर्वांत न्याय्य. मात्र दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वर्गाला येणारा विद्यार्थी तिच्यात अडकतो. त्याच्यासाठी बंद होण्याआधीच्या तासात द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत परत घ्या. सोबत यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हही द्या, कारण आजच्या बहुतेक लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो. ड्राइव्हची परतीची वेळ तीच ठेवा, नाहीतर डिस्क कपाटात आणि ड्राइव्ह कोणाच्या तरी खोलीवर अशी गत होते.

अवांतर चित्रपट, माहितीपट आणि संगीत यांना ३ दिवस पुरतात. नूतनीकरण तेव्हाच द्यावं, जेव्हा दुसऱ्या कोणाची मागणी नोंदलेली नसेल. भाषा शिकण्याच्या ऑडिओला १४ दिवस आणि एक नूतनीकरण हवंच. त्याला ३ दिवस देणं म्हणजे न दिल्यासारखंच. पुस्तकासोबत आलेली सीडी पुस्तकाच्याच मुदतीने द्या. तिला वेगळी मुदत लावली की विद्यार्थ्याला एकाच पुस्तकासाठी दोन खेपा पडतात आणि दंडही सीडीवरच चढतो. प्राध्यापकांना सत्रभराची मुदत द्यायची असेल, तर मागणी आल्यास ती परत बोलावण्याची अट आधीच लिहून ठेवा. ही अट नंतर घालायला गेलात तर मन दुखावतं.

कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं वाचक-वर्ग आणि साहित्य-प्रकार यांच्या जोडीवर ठरतं. त्यामुळे ‘नेमलेली डीव्हीडी’, ‘डीव्हीडी’ आणि ‘भाषा-ऑडिओ’ असे निदान तीन साहित्य-प्रकार करा. पहिल्याचं एकक ‘तास’ ठेवा. सुट्ट्यांचं कॅलेंडर मोजणीत धरलंय ना, तेही पाहा. नाहीतर गुरुवारी ३ दिवसांसाठी दिलेली डिस्क रविवारी परत करायची ठरते आणि दार बंद असतं.

डिस्क घरी देणं कायद्यात बसतं का, अशी शंका काही ठिकाणी घेतली जाते. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २(एफए) नुसार, कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत ना-नफा ग्रंथालयाने किंवा ना-नफा शिक्षणसंस्थेने ना-नफा हेतूने उसनी देणं हे ‘व्यावसायिक भाडं’ ठरत नाही. तिची नक्कल करून देणं ही वेगळी बाब.

मुदत जितकी आखूड तितके हात जास्त लागतात, म्हणून परत घेताना प्रत्येक वेळी डिस्क दिव्याखाली तिरकी धरा. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा बहुधा चालून जातो; कडेला समांतर, गोलाकार गेलेला मात्र सलग माहिती खातो. म्हणूनच पुसताना मऊ कापड मध्यातून बाहेर न्यायचं, गोल फिरवायचं नाही. सीडीची वरची, नाव छापलेली बाजू जास्त नाजूक, कारण माहितीचा थर त्याच बाजूच्या पातळ लाखेखाली असतो. तिथे बारकोड चिकटवू नका, तो डबीवर लावा आणि डिस्कवर दाखल क्रमांक मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या पेनाने लिहा.