गुदद्वाराचा मेलानोमा: छोटं ऑपरेशन की पिशवीवालं मोठं?

मेलानोमा म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि गुदद्वारातला हा आजार खूपदा मूळव्याध म्हणूनच सुरू होतो, म्हणजे केसपेपरवर तरी. रक्त पडतं, कोंबासारखं काहीतरी हाताला लागतं, संडासला जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, आणि मलम नि टबात बसणं यात महिने निघून जातात. गाठ काळपट असली तर रक्त साकळलंय म्हणतात, आणि कित्येक गाठींना तर काळा रंगच नसतो, मग शंका कुणाला येणार? मूळव्याध म्हणून कापलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला तेव्हाच कळलं, अशा केसेस भरपूर. (तुकडा पाठवलाच नाही तर काय, हा विचार करून बघा.)

रिपोर्टमध्ये एस-100, एचएमबी-45, मेलान-ए, सॉक्स-10 असली नावं दिसतील, त्या रंगवून केलेल्या टेस्ट आहेत आणि त्या हव्याच. कारण गुदद्वाराचा नेहमीचा कॅन्सर, स्क्वॅमस वाला (त्वचेसारख्या चपट्या पेशींचा), बहुतेकदा केमो आणि रेडिएशननेच विरघळतो, हा तसा विरघळत नाही. लेबल चुकलं की ट्रीटमेंटच चुकते.

आता मुख्य प्रश्न. मोठं ऑपरेशन म्हणजे एपीआर: गुदद्वार आणि गुदाशय दोन्ही काढतात, खालचं भोक शिवून कायमचं बंद करतात, आणि पोटावर, बहुतेकदा डाव्या बाजूला, आतड्याचं तोंड आणून तिथे पिशवी लावतात, जन्मभराची. खालची जखम भरायला कधी कधी महिने लागतात, तोवर नीट बसता येत नाही, लघवीच्या आणि लैंगिक नसांना धक्का बसू शकतो. छोटं म्हणजे गाठ आणि तिच्या भोवतीचा निरोगी भाग एवढंच काढायचं, संडास रोखून धरणारा स्नायू शाबूत, संडास नेहमीच्या वाटेने, घरी लवकर.

मग मोठं करायचंच कशाला? तर त्यात गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण कमी. पण खरी गोम पुढे आहे, दोन्ही गटातले पेशंट किती जगले हे बघितलं तर ठळक फरक सापडत नाही, कारण हा आजार जीव घेतो तो लिव्हर, फुफ्फुसात पसरून, आणि खाली कितीही कापलं तरी ते थांबत नाही. पाच वर्षं जगणारे साधारण पाचात एक, बरेचदा त्याहून कमी. हे वाचायला कडू आहे पण निर्णय याच्यावरच टिकतो.

त्यामुळे माझं मत सरळ आहे, गाठ कडा स्वच्छ ठेवून, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सरची पेशी न उरता, निघत असेल तर छोटंच. परत आली तर पुन्हा काढता येते, एपीआरचा दरवाजा बंद होत नाही, पिशवी मात्र एकदा लागली की लागली. गाठ मोठी असेल, स्नायूत घुसली असेल, किंवा रक्त आणि दुखणं दुसऱ्या कशानेच आटोक्यात येत नसेल तर मोठं, तिथे हट्ट नको. छोट्यानंतर रेडिएशन दिलं तर त्या जागी परत येणं कमी होतं, आयुष्य वाढतं असं नाही.

आणि हे सगळं पेट स्कॅन (कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारा), ओटीपोटाचा एमआरआय आणि मेंदूचा एमआरआय झाल्यावर! आधीच पसरलेलं असेल तर पिशवी लावून काय मिळवलं?

पसरल्यावर गोळीबिळीपेक्षा इम्युनोथेरपीकडे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांकडे बघतात. त्यातलं निवोलुमॅब एकट्याने अशा आतल्या अस्तराच्या मेलानोमात साधारण 23 टक्के लोकांच्या गाठी आकसल्या, इपिलिमुमॅब हे तसलंच दुसरं औषध जोडलं तर 37 टक्के, पण साइड इफेक्टही तितकेच जड, आतड्याला सूज, लिव्हर बिघडणं वगैरे. केआयटी जीनची टेस्टही मागून घ्या, त्यात ठरावीक बदल निघाला तर इमॅटिनिबची गोळी चालू शकते. बीआरएएफ या दुसऱ्या जीनमधला बदल इथे क्वचितच सापडतो.

सर्जनला विचारायचं एवढंच: स्नायू वाचवून कडा स्वच्छ मिळतील का, आणि नाही मिळाल्या तर पुढचा प्लॅन काय. उत्तर गोलगोल आलं तर दुसरं मत घ्या, स्लाइड्स आणि ब्लॉक (पॅथॉलॉजीने मेणात जपून ठेवलेला तुकडा) सोबत नेऊन.