मेडिकलवरची ‘गोरं करणारी’ ट्यूब: औषध वांगाचं, वापर गॅदरिंगसाठी

लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्या असोत की संभाजीनगरची होस्टेलं, गॅदरिंग जवळ आलं की एक छोटी ट्यूब रूमवरून रूमवर फिरू लागते. ब्रँड बरेच आहेत, आतली औषधं बहुतेक तीच: हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के आणि मोमेटासोन 0.1 टक्के. यातलं तिसरं स्टेरॉइड आहे.

वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवर, त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीत, फक्त रात्री आणि ठरावीक आठवडेच लावलं तर हे चांगलं औषध आहे. सावळ्या, निरोगी चेहऱ्यासाठी मात्र पाचपैकी शून्य.

सुरुवातीला चेहरा उजळतो, आणि फसगत नेमकी तिथेच होते. मोमेटासोन रक्तवाहिन्या आकसवतं, सूज दाबतं, म्हणून लाली जाते आणि पुटकुळ्याही बसतात. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होणं मंदावतं. ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर झडवतं. मूळ रंग कुणीच बदलत नाही. लावणं थांबलं की तो परत येतो, आणि त्यात चेहऱ्याचा काही दोष नसतो.

लावत राहिलं तर कातडी पातळ होते. गालावर बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, एकसारख्या पुटकुळ्यांचं पीक येतं. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीवर कॉलेजपर्यंत जायचं म्हटलं तरी चेहरा भाजून निघतो. घाबरून बंद केलं की काही दिवसांत आग आणि लाली उसळते. ‘क्रीम सोडली म्हणून बिघडलं’ असं वाटून पोरं पुन्हा ट्यूब उघडतात, आणि मग ती सुटता सुटत नाही. हीच क्रीम गजकर्णावर लावली तर खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

घेण्याआधी खोक्याची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं की ते स्टेरॉइड समजा. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 लावायची स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तेव्हा दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर तो बरोबरच वागतोय. क्रीम तपकिरी पडली असेल तर हायड्रोक्विनोन हवेने खराब झालंय, ती टाकून द्या.

उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्याला एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन जास्त कामाचं. दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. वाटाण्याएवढं लावून ‘गुण येत नाही’ म्हणणारे खूप. स्टोल बांधत असाल तर तो रोज धुतलेला हवा, घाम आणि घासण्याने हनुवटीवर पुटकुळ्या येतात. पुटकुळ्यांसाठी बेन्झॉईल पेरॉक्साइड 2.5 टक्के पातळ थरात लावा. कपड्याला लागलं तर रंग उडतो, म्हणून उशीला पांढरी खोळ घाला.

महिनोन्‌महिने ट्यूब लावत असाल तर मनाने एकदम सोडू नका. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत जा. जाताना ट्यूब, खोकं आणि लावणं सुरू करण्याआधीचा एखादा फोटो सोबत न्या. किती दिवस आणि दिवसातून किती वेळा लावली ते खरं सांगा, कारण ती कशी कमी करायची हे त्यावरच ठरतं.