शंभर नगांच्या पेटीत पोलाद किती?

एका मोठ्या साखळी दुकानाने स्वतःच्याच नावाने विकायला ठेवलेल्या 108 नगांच्या टूलकिटचे हे परीक्षण आहे. वेष्टनावर 2,999 रुपये ही किंमत छापलेली असली तरी पेटी 1,499 रुपयांना मिळते, आणि वर्षातल्या कोणत्याही दिवशी गेले तरी ती याच सवलतीत मिळत असल्यामुळे छापील किंमत केवळ खोडून दाखवण्यासाठीच छापली असावी असे वाटते. याच साखळीची आमच्या भागातली शाखा नवी असताना तिथूनच घेतलेली, याच नावाची पत्र्याची जुनी पेटी घरात अजून वापरात आहे, त्यामुळे दोन्ही पेट्या शेजारी ठेवून पाहता आल्या. जुन्या पेटीत नग थोडे होते आणि पोलाद भरपूर होते. नव्या पेटीत नग उदंड आहेत, पण पोलाद शोधावे लागते.

आधी 108 या आकड्याची फोड करू. यातले 36 नग म्हणजे भिंतीत ठोकायचे प्लॅस्टिकचे प्लग आणि त्यांचे स्क्रू. 12 नग केबल टाय आहेत. 30 नग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीत बसवायचे छोटे बिट, नटावर बसवायची 12 सॉकेट आणि षटकोनी खाचेच्या स्क्रूसाठी 8 ॲलन की. हे सगळे वजा केल्यावर ज्यांना कारागीर हत्यार म्हणेल असे दहा नग उरतात: पक्कड, हातोडी, स्क्रू पाना, रॅचेट (सॉकेट बसवून मागे-पुढे हलवत नट फिरवायची मूठ), तीन स्क्रू ड्रायव्हर, टेप, कटर आणि टेस्टर. 1,499 रुपयांतून 18 टक्के जीएसटी वगळला तर 1,270 रुपये राहतात, म्हणजे नगामागे पावणेबारा रुपये, आणि त्यातूनच दुकानाचा नफा, जाहिरात, वाहतूक आणि ती फुगीर प्लॅस्टिकची पेटी यांचा खर्च निघायचा असतो. कारखान्याच्या हाती पोलादासाठी काय उरत असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. गिऱ्हाईक नग मोजते हे दुकानाने ओळखले आहे, आणि प्लग-स्क्रूंनी आकडा वाढवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आता पक्कड, कारण पेटीचा खरा कस तिथेच लागतो. चांगली पक्कड तापवलेल्या पोलादावर साच्यात घाव घालून घडवतात आणि नंतर तिच्या तार कापणाऱ्या धारेला वेगळे पाणी देतात, म्हणजे ती धार नेमक्या तापमानाला नेऊन कडक करतात. बाकीचा भाग थोडा मऊच ठेवावा लागतो, नाहीतर जोर पडताच जबडा तडकतो. पाणी कसे दिले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिला बळी त्याचाच जातो. नव्या पेटीतली पक्कड मिटून उजेडासमोर धरली तर दोन धारांमधून उजेडाची बारीक रेघ दिसते. या पकडीने साधी बांधणीची तार कापून पाहिली. तार तुटली, पण पहिल्या काही कापांतच धारेवर तारेच्या जाडीची खाच उमटली. मग जुन्या आणि नव्या दोन्ही पकडींच्या धारेवर एकच बारीक कानस फिरवली: जुन्या धारेवरून ती नुसती सरकली, तर नव्या धारेचा कीस निघाला. कानसेपेक्षा धार थोडी मऊ असणारच; पण ज्या धारेने तार कापायची, तिला कानस इतक्या सहज खात असेल तर ती धार केवळ आकाराने धार आहे. शिवाय सांध्याची रिव्हेट सैल असल्यामुळे जबडे बाजूला डुलतात.

वरचा मुलामा मात्र नव्या पकडीचाच अधिक चकचकीत आहे. जुन्या पकडीवर घडवण्याची पद्धत आणि देशाचे नाव पोलादात ठोकून उमटवलेले होते व ते आजही बोटाला लागते. नवीवर दुकानाचे नाव तेवढे शाईने छापलेले आहे आणि हाताच्या घामाने ते पुसटही होऊ लागले आहे. पोलाद कोणत्या जातीचे, याचा उल्लेख पकडीवर नाही, स्क्रू पान्यावर नाही आणि पेटीवरही नाही. सॉकेटवर तेवढे ‘सीआर-व्ही’, म्हणजे क्रोम व्हॅनेडियम, असे लिहिले आहे. ही जात चांगली खरी, पण नुसत्या अक्षरांनी सॉकेट टिकत नाही. यातले 10 मिलिमीटरचे सॉकेट स्कूटरच्या बॅटरीच्या नटावर चालले. चाकाच्या नटावर थोडा जोर लावताच दुसऱ्या एका सॉकेटचे आतले कोपरे घासले आणि तोंडाशी केसासारखा तडा गेला.

रॅचेटबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण दुकानात ते हातात धरून फिरवले की त्याच्या टकटक आवाजावर बहुतेक जण खूश होतात. या रॅचेटच्या आतल्या चक्राला 24 दाते आहेत, म्हणजे पुढचा दाता पकडण्यासाठी मूठ किमान 15 अंश फिरावी लागते. 72 दात्यांच्या रॅचेटला हेच काम 5 अंशांत होते. मोकळ्या टेबलावर हा फरक जाणवत नाही. स्कूटरच्या इंजिनाशेजारी किंवा बेसिनखालच्या कोपऱ्यात, जिथे मूठ हलवायला बोटभरच जागा असते, तिथे 15 अंश मिळतच नाहीत आणि रॅचेट असून नसल्यासारखे होते. दाते कमी असणे हा दोष नव्हे, कारण मोठे दाते मजबूतही असू शकतात. या रॅचेटमध्ये मात्र जोर लावताच दाता सुटतो, हात निसटतो आणि बोटांची सालपटे निघतात.

मेजरिंग टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, सैल असतो म्हणून अनेक जण तक्रार करतात, ती मात्र रास्त नाही. आकड्याच्या जाडीइतकी ती हालचाल मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे टोक अडकवून मोजले किंवा भिंतीला टेकवून मोजले तरी माप सारखेच येते. या टेपचा आकडा जाडीपेक्षा जास्त सरकतो, हा खरा दोष आहे, आणि त्यामुळे आत व बाहेर मोजलेल्या मापांत जवळपास 2 मिलिमीटरचा फरक पडतो. पडद्याचा दांडा लावायला हे चालेल; खिडकीची काच कापून आणायला चालणार नाही. हातोडीचे डोके हलत नाही, एवढे तिच्या बाजूने सांगता येईल. स्टार स्क्रू ड्रायव्हरचे टोक स्विचबोर्डचे घट्ट बसलेले स्क्रू काढताना गोल झाले, आणि टोक गोल झालेला स्क्रू ड्रायव्हर पुढच्या प्रत्येक स्क्रूची खाच खराब करतो, म्हणून तो टाकूनच द्यावा.

पकडीच्या रबरी मुठीबाबत मात्र विनोदाला जागा नाही. पेटीवर विजेच्या कडकडाटाचे चित्र आहे आणि पकडीला लाल-पिवळी जाड मूठ आहे, त्यामुळे ती विजेच्या कामाची आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. विजेसाठी खरोखर तपासलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांचे चिन्ह आणि ‘1000 व्ही’ असे स्पष्ट नमूद असते; आयईसी 60900 हे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. या पकडीवर त्यांपैकी काहीच नाही. तिची मूठ केवळ पकडायला बरी वाटावी म्हणून आहे. जे चित्र असा गैरसमज पसरवते ते पेटीवर छापणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

आपल्याकडे चांगली हत्यारे बनत नाहीत असे मुळीच नाही. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या टपारिया कंपनीचे हिरव्या पारदर्शक मुठीचे स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड ज्या इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत नाहीत असा इलेक्ट्रिशियन महाराष्ट्रात शोधून काढावा लागेल. जालंधर आणि लुधियाना ही या धंद्याची देशातली मोठी केंद्रे असून तिथला माल परदेशी जातो. नीती आयोगाच्या 2025 च्या अहवालानुसार भारताची हात-हत्यारांची निर्यात वर्षाला सुमारे 60 कोटी डॉलरची आहे, जागतिक व्यापारात तिचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत आहे, आणि चीनच्या तुलनेत आपला उत्पादनखर्च 14 ते 17 टक्के अधिक पडतो. महाग कच्चा माल हे त्याचे एक मोठे कारण आहे. म्हणजे किंमत आधी ठरवून मग माल मागवणाऱ्या दुकानाने पैसा वाचवायचा तो कुठे? चीनमधून आणण्यात, नाहीतर इथेच पोलाद पातळ करून पाणी देण्याची पायरी उरकून घेण्यात. ज्याला चांगले हवे असते त्याला तेच कारखाने चांगले बनवून देतात, त्यामुळे दोष घडवणाऱ्या हातांपेक्षा खरेदीच्या टेबलावर अधिक आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेतल्या सीअर्स या दुकानाने क्राफ्ट्समन हे नाव 1927 मध्ये सुरू केले. हातहत्यार मोडले तर दुकानात न्यावे आणि दुसरे घेऊन यावे, या आजीवन हमीवर तिथल्या कित्येक पिढ्यांनी ती हत्यारे घेतली. पुढे त्यांतले पुष्कळसे उत्पादन चीनमध्ये गेले आणि जुनी गिऱ्हाइके दर्जाबद्दल कुरकुरू लागली. 2017 मध्ये स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकर या हत्यारे बनवणाऱ्या कंपनीने सुमारे 90 कोटी डॉलरच्या व्यवहारात हे नाव विकत घेतले, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ येथे ही हत्यारे पुन्हा अमेरिकेत बनवण्यासाठी कारखाना उभारला, आणि 2023 मध्ये तो बंद करत असल्याचे जाहीर केले.

आपल्या पेटीवरही ‘10 वर्षांची वॉरंटी’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. आतल्या चिठ्ठीत ती केवळ उत्पादनातल्या दोषापुरती असून झीज आणि ‘गैरवापर’ यांना लागू नाही असे बारीक अक्षरांत सांगितले आहे. तडकलेले सॉकेट घेऊन दुकानाच्या मदत केंद्रावर गेल्यावर तिथल्या तरुणाने अत्यंत नम्रपणे सांगितले, की एकच नग बदलून देण्याची सोय संगणकात नाही. पूर्ण पेटी मूळ वेष्टनासह ठरावीक मुदतीत आणल्यास परत घेता येईल. त्याचा काही दोष नव्हता. पण सॉकेटचा कडकपणा किती, हे विचारावे असा माणूसच त्या एवढ्या मोठ्या इमारतीत नव्हता.

पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असा माणूस गल्ल्यावर बसलेला असतो. तो आधी काम कोणते ते विचारतो, मग दोन-तीन पकडी समोर टाकतो आणि ‘चालवून बघा’ म्हणतो. तिथेही सगळे सोन्याहून पिवळे नाही: नावाजलेल्या कंपन्यांचा नकली माल तिथेही खपतो, पक्के बिल मागितले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि पार्किंगचे तर नावच काढू नये. तरीही हत्यार उघडे हाताळून, मिटून, उजेडाला धरून घेता येते. मोठ्या दुकानात ते प्लॅस्टिकच्या फुग्यात सीलबंद असते, आणि ऑनलाइन खरेदीत तर केवळ छायाचित्रच असते.

ज्यांना मोठ्या दुकानातूनच घ्यायचे आहे त्यांनी निदान वेष्टन वाचावे. वैधमापन शास्त्राच्या 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बनवणाऱ्याचे वा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत वेष्टनावर असावी लागते. आयात मालावर मूळ देशही लिहावा लागतो. आयएस 3650 हे पकडीचे, आयएस 844 हे स्क्रू ड्रायव्हरचे आणि आयएस 2029 हे रिंग पान्याचे भारतीय मानक आहे. हे आकडे हत्यारावर ठोकलेले दिसले तर पैसे देण्याआधीच बरेच काही कळते. आमच्या पेटीवर आयात करणाऱ्याचा पत्ता व्यवस्थित आहे, मानकाचा क्रमांक मात्र एकाही नगावर नाही.

तेवढ्याच 1,499 रुपयांत नाव असलेली एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक टेस्टर आणि नेहमी लागणाऱ्या मापांचे तीन-चार पाने सुटे घ्यावेत असे मी सुचवीन. पेटी भरल्यासारखी दिसणार नाही, पण नळ गळायला लागल्यावर यांतले एकही हत्यार घसरणार नाही. या 108 नगांपैकी केबल टाय, ॲलन की आणि बिटचा छोटा संच ठीक आहेत. दुकानाने तो बिटचा संच वेगळा काढून दोनशे रुपयांच्या आसपास विकला, तर घ्यायला हरकत नाही.